पत्र वाचणाऱ्या बाईचा लाल

गणपतीपुळ्याच्या रस्त्याला एका आंबा बागायतदारांनी आपल्या कलमांच्या कडेला बारा खोल्यांचं रिसॉर्ट बांधलं आणि प्रत्येक खोलीत एकेक जगप्रसिद्ध चित्र लावायचं त्यांच्या मनात आलं. खरी चित्रं अर्थातच नाहीत. इंटरनेटवरून फाईल घ्यायची, कॅनव्हासवर छापायची, चौकटीत बसवायची. दिवाळीच्या महिनाभर आधी ते आमच्या शाळेत आले. मी तिथे चित्रकला शिकवते. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभं राहूनच त्यांनी सांगितलं, "बाई, पुण्या-मुंबईची माणसं येणार. रंग भडक आहेत असं कुणी म्हणायला नको. तुम्ही बघून हो म्हणालात की मगच मी ती भिंतीवर चढवणार."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं काही विचारलं नव्हतं. रांगोळी स्पर्धेला परीक्षक, स्नेहसंमेलनाचा पडदा, गणपतीच्या आराशीला नंबर देणं, एवढंच वाट्याला आलेलं. नेमकं काय करायचं हे नीट न विचारताच मी हो म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे जी चित्रं तू पाहिलेली नाहीस त्यांचे रंग बरोबर आहेत का, ते तू सांगणार." त्यात टोमणा नव्हता. त्याची सगळी नोकरी कोर्टात गेली, वाक्य उलटंसुलटं करून बघायची त्याला सवय आहे. मी म्हटलं, एक पाहिलंय.

ते एक म्हणजे खिडकीशी बसून पत्र वाचणारी नऊवारीतली बाई. आपल्याकडच्याच एका मोठ्या चित्रकाराचं तैलचित्र. कॅलेंडरवर, मिठाईच्या खोक्यावर, शाळेच्या पुस्तकात, कुठे ना कुठे प्रत्येकाने ते बघितलेलं असतं. मूळ चित्र दुसऱ्या राज्यातल्या एका जुन्या संस्थानी शहरात, तिथल्या संग्रहालयात आहे. मी विशीत असताना कलाशिक्षकाच्या कोर्सची सहल तिथे गेली होती. बाकीच्या मुली जेवायला गेल्या आणि मी त्या चित्रासमोर उभी राहिले. साडीचा लाल रंग असा काही अंगावर आला की मला जेवणाची आठवण झाली नाही. त्या दिवसाबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

छपाई रत्नागिरीत मारुती मंदिराजवळच्या एका फ्लेक्सच्या दुकानात होणार होती. दुकानाचे मालक लांज्याकडचे. मुंबईत छापखान्यात वीस-बावीस वर्षं काढून गावी परतलेले. आता वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे फलक छापत, पण एका कोपऱ्यात त्यांनी कॅनव्हासवर छापणारं चांगलं मशीन घेऊन ठेवलं होतं आणि त्यावर धूळ बसू नये म्हणून जुनी चादर घातलेली असायची. माणूस कमी बोलणारा. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि एकच सांगितलं, की पडद्यावर बघून काही ठरवू नका, कागदावर आलेलं बघा, आणि तेही शाई वाळल्यावर.

पुढचे तीन आठवडे मला एका जागी बसवेना. इंटरनेटवर एकेका चित्राच्या पाच-सहा फाईली मिळत आणि त्यातली एक दुसरीसारखी नसे. पिवळ्या फुलांच्या फुलदाणीचं चित्र एका ठिकाणी हळदीसारखं पिवळं, तर दुसऱ्या ठिकाणी पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखं. तळ्यातल्या कमळांचं पाणी कुठे निळं, कुठे शेवाळी. माझ्या फोनवर एक दिसे, शाळेच्या संगणकावर दुसरं, दुकानातल्या पडद्यावर तिसरं. दुकानासमोर उन्हासाठी हिरवी जाळी लावलेली होती, त्यामुळे आत आलेल्या उजेडात सगळे चेहरे आजारी दिसायचे. मग मी नमुना घेऊन रस्त्यावर यायची, उन्हात धरायची, सावलीत धरायची, परत आत जायची. समोरच्या स्टँडवरचे रिक्षावाले माझ्याकडे बघत बसायचे. संध्याकाळी पाच वाजता बरं वाटलेलं चित्र सकाळी अकरा वाजता खोटं वाटायचं. घरी भाजी चिरताना मध्येच उठून मी जुनी पुस्तकं काढून बघायची, आणि त्या पुस्तकांतले रंग तरी कुणी तपासले होते, असं मनात यायचं. तो विचार मी पुढे जाऊ देत नसे. अकरा चित्रं अशीच, वरून ठाम राहून मी पास केली. पास केलेल्या नमुन्याच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने बरोबरची खूण करत होते. ती इतकी फिकट असायची की खोडरबराने सहज पुसता आली असती.

बाराव्या चित्राची मात्र मला अजिबात काळजी नव्हती. उलट मी त्याची वाट बघत होते.

फ्लेक्सवाल्यांनी त्याची फाईल संग्रहालयाच्याच वेबसाईटवरून उतरवली होती. त्यांनी नमुना काढला आणि टेबलावर पसरला. साडी तपकिरीकडे झुकलेली, मंद, जणू लाल रंगावर कुणी चहाचं पाणी फिरवलंय. मी लगेच म्हटलं, हे नाही. त्यांनी दुसरा काढला, थोडा उजळ. मी तोही नाकारला. तिसऱ्या वेळी त्यांनी मला पडद्याजवळ बोलावून चित्राची खालची कड दाखवली. तिथे रंगांच्या चौकोनांची एक अरुंद पट्टी होती, लाल, हिरवी, निळी, करडी. फोटो काढताना चित्राशेजारी ही पट्टी मुद्दाम ठेवतात, ते मला समजावू लागले. पट्टीचे रंग ठरलेले असतात. छापलेल्या कागदावर पट्टी बरोबर आली की चित्रही बरोबर आलं असं धरायचं. आपल्याजवळची पट्टी त्यांनी खणातून काढून पहिल्या नमुन्यावर ठेवली. जुळत होती.

मला ते कळलं नव्हतं असं नाही. पण साडी चूक दिसत होती, आणि पट्टीपेक्षा माझा माझ्या डोळ्यांवर जास्त विश्वास होता. त्यात त्याच वेळी बागायतदार आले. तयार झालेली चित्रं गाडीत घालायला आले होते, त्यांना उशीर होत होता. काय अडलंय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं की रंग मेलेला आहे. फ्लेक्सवाले हळूच म्हणाले की पट्टीप्रमाणे तर बरोबर आहे. तेव्हा मी बागायतदारांसमोर त्यांना विचारलं,

"तुम्ही मूळ चित्र पाहिलंय का कधी?"

ते म्हणाले, "नाय."

"मी पाहिलंय," मी म्हटलं.

त्यांनी आपली पट्टी उचलून खणात ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही म्हणता तर तसं करू, बाई." त्यांनी पडद्यावर ती पट्टी कापून टाकली, लाल वाढवला, काळा कमी केला, आणि पाचव्या नमुन्याला कुंकवासारखी ताजी साडी आली. बागायतदार खूश झाले. मी कोपऱ्यात खूण केली. या वेळी ती ठळक, दाबून केली.

रिसॉर्ट सुरू झालं त्या दिवशी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. सात नंबरच्या खोलीत पलंगाच्या वर ती बाई होती, आणि आलेला प्रत्येकजण तिथे थांबत होता. बागायतदार मला पुढे करून सांगत होते की रंग बाईंनी मूळ चित्राशी ताडून घेतलेत. मी हसत होते. फ्लेक्सवाल्यांनाही बोलावणं होतं, पण ते आले नव्हते. जेवताना ते माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर दोनतीनदा मी त्या दुकानावरून गेले. एकदा आत डोकावले तर ते फलक कापत होते, मान वर करून "बरं आहे ना?" म्हणाले आणि परत कापू लागले. काही बिनसलंय हे दिसत होतं, पण काय ते मला स्वतःशी म्हणायचं नव्हतं.

जानेवारीत नवऱ्याच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न निघालं, ते नेमकं त्याच संस्थानी शहरात. मी आठ दिवस आधीपासून लग्नापेक्षा संग्रहालयाचीच तयारी करत होते. सात नंबरच्या खोलीतल्या चित्राचा फोटो फोनमध्ये होता. मूळ चित्राशेजारी फोन धरून नवऱ्याला दाखवायचं असं मी ठरवलं होतं. शक्य झालं तर तसा फोटो काढून फ्लेक्सवाल्यांनाही पाठवायचा होता. तो कशासाठी, याचं उत्तर आता मला माहीत आहे.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडल्या उघडल्या आम्ही आत गेलो. दालन मला आठवत होतं त्यापेक्षा लहान होतं. चित्रही लहान होतं. मी समोर उभी राहिले आणि पहिल्यांदा मला वाटलं की दुसरंच कुठलंतरी चित्र आहे. साडी लाल नव्हती. म्हणजे लाल होती, पण पाणी मारलेल्या जांभ्याच्या चिऱ्यासारखी, आत खोल कुठेतरी लाल आणि वरून तपकिरी. फक्त गुडघ्यावरच्या एका घडीवर खिडकीचा उजेड पडला होता, तिथे तो रंग उघडा पडला होता, नखाएवढ्या जागेत. बाकी सगळं त्या जागेसाठी दाबून ठेवलेलं. मला पांढरं आठवणारं पत्र निळसर राखाडी होतं. आणि बाई पत्र वाचतच नव्हती. तिची नजर कागदाच्या थोडी वर होती. वाचून झालं होतं.

फ्लेक्सवाल्यांचा पहिला नमुना माझ्या डोळ्यांसमोर आला. हाच होता.

मी फोन बाहेर काढला नाही. आधी डावीकडून बघितलं, मग उजवीकडून, मग मागे जाऊन. कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या राखणदार बाई माझ्याकडे संशयाने बघायला लागल्या तेव्हा मी त्यांनाच विचारलं, की इथले दिवे बदललेत का. हो म्हणाल्या, काही वर्षांपूर्वी बदलले, आधी पिवळे होते. मला एकदम बुडत्याला काडी मिळाल्यासारखं झालं. आणि चित्र? चित्र साफ केलंय का, वरचा जुना थर काढलाय का? ते त्यांना माहीत नव्हतं, त्यांनी कचेरीत जायला सांगितलं. नवरा म्हणाला, जाऊ दे ना आता. मी गेले.

कचेरीतल्या गृहस्थांनी सौजन्याने सगळं ऐकून घेतलं. कपाटातून एक फाईल काढून पानं चाळली आणि सांगितलं, या चित्राला हात लावलेला नाही, फक्त काच बदलली आहे. मी दिव्यांचं काढलं. तेव्हा त्यांनी माझा फोन मागून घेतला, सात नंबरच्या खोलीतला तो फोटो बराच वेळ बघितला आणि फोन परत देत म्हणाले की पिवळ्या उजेडात लाल थोडा उठून दिसेल, पण एवढा नाही. मी त्यांचे आभार मानून निघाले.

बाहेर व्हरांड्यात येऊन मी पायरीवर बसले, उठले, परत बसले. नवऱ्यालाही फोनमधला फोटो बघायचा होता. त्याने चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्यांजवळ नेला.

"हा लाल मला माहितीये," तो म्हणाला. "आपल्या कपाटावर होता."

मला कळेना. त्याने आठवण करून दिली. लग्नानंतर आम्ही भाड्याच्या खोलीत राहत होतो तेव्हा तिथल्या लाकडी कपाटाचं दार चिरलेलं होतं. त्या चिरेवर त्याने एका कॅलेंडरचं पान खळ लावून चिकटवलं होतं. त्यावर हीच बाई होती, मीच ते पान जपून ठेवलं होतं म्हणून तेच लावलं. अकरा वर्षं आम्ही त्या खोलीत काढली. रोज सकाळी शाळेत जायची साडी काढताना मी ते दार उघडत होते.

तो हे सगळं सहज बोलत होता, एखादी हरवलेली वस्तू सापडल्यासारखं. मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. विसाव्या वर्षी एक तास मी जे बघितलं होतं त्यावर अकरा वर्षांच्या सकाळी थर देत गेल्या होत्या, आणि खालचं काही शिल्लक नव्हतं. एका स्वस्त कॅलेंडरच्या रंगाशी मी चित्र जुळवून घेतलं होतं, आणि वर त्या माणसाला विचारलं होतं, तुम्ही पाहिलंय का.

परतीच्या गाडीत मी खिडकी सोडून तीनदा दाराशी जाऊन उभी राहिले. नवरा म्हणाला, अगं, एका हॉटेलातलं चित्र आहे, कुणाचा जीव गेलेला नाही. ते खरंच होतं. तरी मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रत्नागिरीला आल्यावर दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सरळ दुकानात गेले. फ्लेक्सवाले मशीनपाशी होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की मी मूळ चित्र बघून आले, तुमचा पहिला नमुना बरोबर होता, माझं चुकलं. कॅलेंडरचंही सांगितलं. बोलता बोलता माझा आवाज चढला होता, जणू मी त्यांच्याशीच भांडत होते.

त्यांनी मशीन थांबवलं. स्टूल पुढे ओढलं, पण मी बसले नाही. मग त्यांनी टेबलाखाली हात घालून गुंडाळ्या चाळल्या आणि पहिला नमुना बाहेर काढला. त्याच्या पाठीवर बॉलपेनने मशीन साफ केल्याच्या तारखा लिहिल्या होत्या, कागद फुकट जाऊ नये म्हणून. तो उलटा करून आम्ही दोघांनी बघितला. गुडघ्यावरची ती घडी त्यातही होती. मला त्या दिवशी दिसली नव्हती.

"मला रंग माहीत होता असं नाय," ते म्हणाले. "मी पट्टी बघितली होती. चित्र मी कुठं बघितलंय?" मशीनकडे बघतच पुढे म्हणाले, "रंगाचं एवढं काय नाय, बाई. चुकतं माणसाचं. तुम्ही त्यांच्यासमोर विचारलात ते लागलं. मुंबईत बावीस वर्षं मी हेच केलं. तिथं कधी कोणी विचारलं नाय, की तू बघितलंयस का."

मी माफी मागितली. ते मान हलवून "हां" म्हणाले आणि चहा सांगायला बाहेर गेले. तो चहा येईपर्यंतचा वेळ फार लांब वाटला.

बागायतदारांना सांगायला फ्लेक्सवाले आणि मी मिळून गेलो, म्हणजे मीच त्यांना बरोबर घेतलं. जे बागायतदारांसमोर बोलले होते ते त्यांच्यासमोरच मागे घ्यायचं होतं. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं की सात नंबरमधलं चित्र बदलू या, नव्याने छापू. बागायतदार आधी गोंधळले, मग हसायला लागले. त्यांनी आम्हाला त्या खोलीत नेऊन दाखवलं. चित्रातल्या साडीशी जुळवून त्यांच्या बायकोने पलंगावरचे अभ्रे, पडदे, दाराशी पायपुसणंसुद्धा त्याच लाल रंगाचं आणलं होतं. येणारी जोडपी तीच खोली मागून घेतात, ते म्हणाले. तुमचं खरं चित्र इथे लावलं तर ते या पडद्यांपुढे मळकट दिसेल. मी म्हटलं, निदान तुम्ही लोकांना रंग ताडून बघितलेत असं सांगू नका. ते त्यांनी कबूल केलं, पण ते सांगत नसतील याची मला खात्री नाही. चित्र अजून तिथेच आहे.

निघताना फ्लेक्सवाले गाडीपाशी थांबले. म्हणाले, "आणि बाकीच्या अकरांचं काय?"

हा प्रश्न मी संग्रहालयाच्या पायरीपासून टाळत आले होते. त्या अकरांवरही माझीच खूण होती, आणि ती तर मी कॅलेंडरवरसुद्धा नीट बघितलेली नव्हती. बागायतदार काही बदलणार नव्हते हे उघड होतं. तरी आम्ही ठरवलं की आपल्यापुरतं बघून घ्यायचं. रविवारी दुपारी दुकानाला गिऱ्हाईक कमी असतं. मी जेवून जाते. ते हिरवी जाळी गुंडाळून वर बांधतात, मूळ चित्र जिथे आहे त्या संग्रहालयाची फाईल शोधतात, पट्टी असेल तर ती जुळवतात, आणि मी तोंड बंद ठेवायचा प्रयत्न करते. ते नेहमी जमत नाही. कमळांच्या पाण्यावरून परवा आमचा पुन्हा वाद झाला. या वेळी त्यांनीही आवाज चढवला, आणि मला त्याचं बरं वाटलं.

आतापर्यंत पाच झाली. त्यातली दोन चुकलेली निघाली, एक जवळपास बरोबर, आणि दोन चित्रांच्या फाईलींना पट्टीच नाही. त्या दोन्हींची गुंडाळी त्यांनी वेगळी ठेवली आहे. त्यांचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही माहीत नाही. सहावं या रविवारी काढायचं आहे, आणि आज मंगळवार आहे.